कुंपण चालू, तरी कुत्रा बाहेर! झटका मशीनचं डीबगिंग

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे. मध्येच आवाज आला असेल तर ती पावसाची सर होती.)

मी कोड लिहितो पुण्यात, पण आमचा मळा जुन्नर तालुक्यात. त्यामुळे माझ्याकडे दोन प्रकारचे प्रश्न येतात. ऑफिसातून येतो तो, "सर्व्हर का पडला?" आणि गावाकडून येतो तो, "झटका मशीन टिकटिक करतंय, पण कुत्रं तारेखालून आरामात निघून जातंय, काय करू?" आजचा भाग दुसऱ्या प्रश्नाचा. आणि गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर शोधायची पद्धत जवळजवळ एकच आहे.

आता शहरातल्या मित्रांना वाटेल, गावात कुत्र्याला कुंपण कशाला? फिरू दे की! तर आमच्याकडे त्याचं कारण बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, पलीकडे संगमनेर, अकोले, हा सगळा उसाचा पट्टा. बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अकोले भागातला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या विष्ठेतले केस तपासून तो काय खातो हे त्यांनी काढलं. वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा कुणाचा होता? शेळ्यांचा नाही, कुत्र्यांचा! साधारण ३९ टक्के. त्यामुळे रात्री मळ्यातून बाहेर पडणारं कुत्रं सकाळी परत येईलच असं नसतं. आमच्या शेजारच्या वस्तीवरची दोन कुत्री दोन वर्षांत अशीच गेली. आमच्या मोत्याला म्हणूनच घराभोवती तारेचं कुंपण आहे.

आधी एक गोष्ट, जिथे मस्करी नाही

झटका मशीन आणि तारेत थेट सोडलेला घरचा करंट या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या २३० व्होल्टचा करंट सलग वाहतो. तो अंगातून गेला की स्नायू आखडतात, हात सुटत नाही, हृदयाची लय बिघडते आणि माणूस मरतो. रानडुकरांसाठी असा करंट सोडल्यामुळे आपल्या राज्यात शेतकरी मेलेत, शेजारी मेलेत, विदर्भात वाघही मेलेत. हा गुन्हा आहे, आणि त्यात कुणी दगावलं तर तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाची केस होते. तेव्हा "मशीन बिघडलंय, आजची रात्र डायरेक्ट लाव" असं कुणीही म्हणालं, अगदी घरातलं वडीलधारं माणूस म्हणालं, तरी नाही म्हणायचं. विषय संपला.

मग झटका मशीनचे ८,००० व्होल्ट चालतात कसे? कारण ते सलग नसतात. मशीनमध्ये एक कपॅसिटर असतो. तो भरतो, एका झटक्यात ट्रान्सफॉर्मरमधून रिकामा होतो, आणि पुन्हा भरायला लागतो. सेकंदाला साधारण एक झटका, आणि तो झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका झटक्यातली ऊर्जा ५ जूलपेक्षा जास्त असता कामा नये. घरासाठीची छोटी मशीन त्याच्याही बरीच खाली असते. व्होल्टेज जास्त, वेळ अगदी थोडा, ऊर्जा मर्यादित. म्हणून दुखतं, पण मधल्या वेळात मागे सरकता येतं.

सर्किट डोक्यात बसवा, मग बिघाड आपोआप दिसतो

मशीनला दोन टर्मिनल असतात. एकातून तार निघते आणि कुंपणाला जाते. दुसरं टर्मिनल अर्थिंगच्या सळयांना, म्हणजे जमिनीला. या दोघांमध्ये कुंपण उघडंच असतं, सर्किट पूर्ण नसतं. कुत्र्याने नाक लावलं की करंट तारेतून नाकात, नाकातून पायात, पायातून जमिनीत, आणि जमिनीतून अर्थिंगच्या सळईत परत मशीनकडे येतो. म्हणजे जमीन ही आपली दुसरी तार आहे!

एवढं कळलं की बिघाडाच्या जागा फक्त चार उरतात. मशीनमध्ये ताकदच नाही. तारेतून करंट भलतीकडेच गळतोय. जमिनीतून परत येण्याचा रस्ता कच्चा आहे. किंवा सगळं ठीक आहे, पण कुत्र्यापर्यंत झटका नीट पोचत नाही. याच क्रमाने तपासायचं. आपण काय करतो, तर पहिली उडी थेट नवीन मशीन विकत घेण्यावर मारतो. बहुतेक वेळा मशीन निर्दोष असतं.

मोजायचं कशाने? साधा मल्टिमीटर कुंपणाला लावू नका, तो इतक्या व्होल्टेजसाठी बनलेलाच नाही, जळेल. कुंपणाचा वेगळा टेस्टर मिळतो. नियॉनच्या दिव्यांचा स्वस्त पडतो, आकडा दाखवणारा डिजिटल थोडा महाग. शक्य असेल तर डिजिटलच घ्या. "झटका आहे" आणि "झटका ६,२०० आहे" यात खूप फरक आहे. कुत्र्यासाठी कुंपणाच्या शेवटच्या टोकाला निदान ३,००० व्होल्ट तरी दिसले पाहिजेत. केसाळ कुत्रं असेल तर जास्त.

पायरी एक: मशीन आणि बॅटरी

मशीन बंद करा, कुंपणाची तार काढा, मशीन एकटंच चालू करा आणि त्याच्या दोन टर्मिनलमध्ये मोजा. आमचं मशीन असं मोकळं ८,२०० दाखवतं. इथेच आकडा पडलेला असेल तर आधी बॅटरी बघा.

बॅटरीसाठी मात्र मल्टिमीटर चालतो. १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि थोडा वेळ स्वस्थ ठेवलेली असेल तर १२.६ च्या आसपास दिसते. १२ च्या खाली गेली म्हणजे ती जवळपास रिकामी आहे. ऊन असताना पॅनेल जोडून पुन्हा मोजा. आकडा १३.५ ते १४.४ कडे चढला पाहिजे. चढत नसेल तर चार्जिंगच होत नाही. मग पॅनेलवरची धूळ पुसा, वायरची टोकं बघा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सावली बघा. पॅनेल बसवलं तेव्हा आंब्याचं झाड छोटं होतं, आता ते दुपारी तीनलाच सावली टाकतं, असं खूप ठिकाणी होतं. आपल्याकडे पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं.

पावसाळ्यासाठी एक हिशोब करून ठेवा. समजा मशीन ०.१ अँपिअर घेतं आणि बॅटरी ७ अँपिअर-तासांची आहे. कागदावर ७० तास. पण लेड ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे खरे ३५. सलग दीड दिवस ढग राहिले की संपलं. श्रावणात कुंपण मेलं तर त्याचं कारण बहुधा याच गणितात असतं.

पायरी दोन: गळती, आणि अर्धं-अर्धं करण्याची युक्ती

मशीन चांगलं आहे, पण तार जोडली की आकडा कोसळतो. म्हणजे करंट कुठेतरी गळतोय. नेहमीचे आरोपी सांगतो. ओलं गवत, आणि त्यात काँग्रेस गवत पहिल्या नंबरवर. उसाचं पान तारेवर झुकलेलं. उन्हाने तडकलेला प्लॅस्टिकचा इन्सुलेटर. सैल होऊन लोखंडी अँगलला टेकलेली तार. गंजलेला जोड, जिथे कुणीतरी तार नुसती पिळून ठेवली आहे.

अंधार पडल्यावर, पाऊस थांबल्या थांबल्या, टॉर्च बंद करून कुंपणाच्या कडेने एक चक्कर मारा. गळती असेल तिथे "चट्... चट्..." असा आवाज येतो, कधी निळी ठिणगीही दिसते. (पायात बूट हवेत आणि सोबत कोणीतरी हवं. बिबट्याचा भाग आहे हे विसरू नका.) दुसरी युक्ती जुन्या रेडिओची. आजोबांचा मीडियम वेव्हचा रेडिओ घरात असेल तर तो दोन स्टेशनांच्या मध्ये लावा आणि कुंपणाच्या बाजूने चालत जा. प्रत्येक ठिणगीला रेडिओत टक्क वाजतं. जिथे ते एकदम मोठ्याने वाजेल, तिथेच कुठेतरी गळती आहे. मोबाइलमधल्या एफएमवर हे जमत नाही.

पण हे सगळं करूनही सापडत नसेल तर? तर जे आपण कोडमध्ये करतो तेच. बग कुठल्या बदलामुळे आला हे कळत नसेल तर आपण शंभर बदल एकेक करून बघत नाही. मधला पकडतो, तिथे बग आहे का विचारतो, आणि अर्धा ढीग बाजूला टाकतो. कुंपणाचंही तसंच. एक मात्र लक्षात घ्या. गळती एका जागी असली तरी व्होल्टेज सगळीकडेच पडतं. म्हणून नुसतं ठिकठिकाणी मोजत फिरून उपयोग नाही. तार मधोमध सोडवावी लागते. मशीन बंद, तार मध्यावर सोडवा, मशीन चालू, मोजा. आकडा परत वर आला तर चोर पलीकडच्या अर्ध्यात. नाही आला तर अलीकडच्या. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. कुंपणाचे आठ भाग असतील तर तीन तपासण्यांत नेमका भाग हातात येतो. म्हणूनच नवीन कुंपण करताना मध्ये दोन-तीन ठिकाणी कट-ऑफ स्विच बसवून घ्या. शंभर-दीडशे रुपयांत पुढची कितीतरी वर्षं पक्कड शोधायची वेळ येत नाही.

आता आमच्याकडचा किस्सा सांगतो, कारण हा बिघाड खूप घरांत आहे आणि कुणाला कळत नाही. एप्रिलमध्ये वडिलांचा फोन. मोत्या दोनदा रस्त्यावर सापडला. दुपारी मोजलं तर कुंपण ठणठणीत, ७,६००. सकाळी मोजलं तर ३,१००. दुपारी पुन्हा ठीक. कोड लिहिणाऱ्यांना हा प्रकार माहीत आहे. बघायला गेलं की पळून जाणारा बग!

शनिवारी गावी गेलो आणि सकाळी सातलाच सुरुवात केली, कारण बिघाड जेव्हा हजर असतो तेव्हाच तपासायचं. मशीन एकटं, ८,२००. सगळं जोडून, ३,१००. आमची तार गोठ्यापासून निघून फाटकापर्यंत येते, फाटकाखालून जमिनीतून पलीकडे जाते आणि मग घराला वळसा घालते. फाटकाच्या अलीकडे तार सोडवली, ७,८००. म्हणजे पहिला अर्धा भाग स्वच्छ. मग फाटकाखालची वायर जोडली, पण तिचं पलीकडचं टोक मोकळं ठेवलं. आकडा ३,२००! पलीकडचं कुंपण जोडलेलंच नाही, तरी व्होल्टेज पडलं. म्हणजे चोर त्या चार मीटर वायरमध्येच.

खोदलं. प्लॅस्टिकच्या पाइपात घरातल्या वायरिंगची साधी वायर घातलेली. लावणाऱ्या फिटरने हाताशी होती ती वापरली असणार. दिसायला जाड, पण घरगुती वायरचं आवरण ११०० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी असतं. आपण तिच्यातून ८,००० सोडतोय! पाइप कोरडा असेपर्यंत भागतं. पण फाटकाशी जास्वंद आहे आणि आई रोज सकाळी तिला पाणी घालते. ते पाणी पाइपात साचायचं, आवरणातून करंट जमिनीत जायचा. दुपारपर्यंत पाणी मुरलं की सगळं आलबेल. कुंपणासाठी दुहेरी आवरणाची जमिनीखालची केबल वेगळी मिळते. ती घातली, पाइपाची दोन्ही तोंडं खाली वळवली, आणि तेव्हापासून सकाळ-दुपारचा आकडा सारखा येतो.

यातून घ्यायचं ते एवढंच. बिघाड ठरावीक वेळी येत असेल तर त्या वेळी घरात दुसरं काय घडतं हे विचारा. दव, पाणी, मोटर, ऊन. मशीनपेक्षा घरची माणसं जास्त सांगतात.

पायरी तीन: अर्थिंग

उन्हाळ्यात कुंपण कमजोर होतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हे. जमीन आपली दुसरी तार आहे म्हटलं ना? एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला भेगा पडतात, मुरूम खडखडीत होतो. ती तारच तुटल्यासारखी होते. गंमत अशी की तेव्हा टेस्टरचा आकडा चांगला दिसू शकतो, कारण टेस्टरची सळई तुम्ही अर्थिंगजवळ खुपसलेली असते. पण कुत्र्याला झटका मात्र लागत नाही.

तपासायची पद्धत अशी. मशीन बंद करा. मशीनपासून लांबच्या टोकाला तारेवर चार-पाच लोखंडी सळया टेकवून जमिनीत रोवा, म्हणजे मुद्दाम गळती करा. मशीन चालू करा. तारेवरचा आकडा २,००० च्या खाली आला पाहिजे, नाही आला तर मशीन बंद करून आणखी सळया टेकवा. आता मशीनच्या अर्थिंगच्या सळईपाशी या. टेस्टरचं एक टोक त्या सळईला, दुसरं एक मीटरवर जमिनीत. तिथे ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग अपुरं आहे. चांगल्या अर्थिंगवर जवळजवळ काहीच दिसू नये.

उपाय सोपा आहे. एकाऐवजी तीन सळया, गॅल्वनाइज्ड, निदान दीड मीटर खोल, एकमेकींपासून तीन मीटरवर, एकाच तारेने घट्ट जोडलेल्या. जागा ओलसर निवडा. न्हाणीचं पाणी जातं तिकडे आळवाजवळ, किंवा मोटरच्या पाटाशी. पण घराच्या विजेच्या अर्थिंगपासून दहा मीटर लांब, आणि त्याला जोडायचं तर मुळीच नाही, नाहीतर झटके घरातल्या नळाला यायचे.

पायरी चार: कुत्रं

टेस्टर म्हणतो सगळं छान, मोत्या म्हणतो मी चाललो. इथे इलेक्ट्रॉनिक्स संपतं.

कुत्र्याच्या अंगावरचे केस कोरडे असतील तर ते चांगला अडथळा ठरतात. झटका नीट लागतो तो नाकाला. म्हणून तारेची उंची त्याच्या नाकाच्या हिशोबाने ठेवा. मध्यम कुत्र्यासाठी एक तार जमिनीपासून वीतभर आणि दुसरी साधारण दीड फुटावर. कुंपणाच्या आत शहाबादी फरशी किंवा कोबा असेल तर त्यावर उभ्या कुत्र्याचे पाय जमिनीला टेकतच नाहीत, सर्किट पूर्ण होत नाही. अशा जागी एक तार करंटची आणि एक अर्थिंगची अशी जोडी लावा, म्हणजे मधून घुसताना दोन्हींना स्पर्श होतो.

शिकवल्याशिवाय मशीन चालू करून सोडून देऊ नका. पळत आलेल्या कुत्र्याला अर्धं अंग तारेपलीकडे गेल्यावर झटका बसला तर ते पुढेच पळतं, मागे येत नाही. मग बाहेर राहतं, आणि तारेच्या भीतीने घरातही येत नाही. तारेवर पांढऱ्या चिंध्या बांधा. आठ-दहा दिवस दोरी धरून शांतपणे कडेने फिरवा. तारेपाशी ते थांबलं की आत बोलवा, शाबासकी द्या. त्याला स्वतःहून, सावकाश, नाकाने हुंगू द्या. एकदा लागला की पुरे. ओढत नेऊन नाक टेकवायचं नाही, तो छळ आहे. आणि कुंपणाजवळ साखळीने कधीही बांधू नका. साखळी तारेत अडकली तर दर सेकंदाला झटका आणि सुटका नाही.

शहरातल्या बंगल्यांसाठी कॉलरवालं कुंपणही मिळतं. तार जमिनीत पुरलेली, झटका गळ्यातल्या पट्ट्यातून. वेल्समध्ये २०१० पासून अशा कॉलरवर बंदी आहे. माझं मत विचाराल तर मीही घेणार नाही. शिवाय त्याने कुत्रं आत राहतं, पण बाहेरचं कुणीही आत येऊ शकतं.

आणि हेच आपल्या तारेबद्दलही खरं आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. हे कुंपण मोत्याला आत ठेवतं. बिबट्याला बाहेर ठेवण्याची हमी देत नाही. बिबट्या उडी मारतो, झाडावरून येतो. म्हणून रात्री मोत्या वरूनही जाळी असलेल्या, कडी लावलेल्या पिंजऱ्यात झोपतो. कुंपण संध्याकाळ आणि पहाटेसाठी आहे, पिंजरा रात्रीसाठी. एकावर विसंबून दुसरं सोडू नका.

रोजचं दोन मिनिटांचं काम

कुंपण बंद पडतं तेव्हा भोंगा वाजत नाही. ते कळतं पहिल्यांदा कुत्र्याला, आणि आपल्याला कळतं कुत्रं गेल्यावर. त्यामुळे:

- रोज संध्याकाळी शेवटच्या टोकाला मोजा आणि आकडा लिहा. आमच्याकडे वडील कॅलेंडरवर तारखेखाली लिहितात. आकडा हळूहळू उतरत असेल तर गवत किंवा बॅटरी, एकदम पडला तर तार किंवा इन्सुलेटर.
- पावसाळ्यात दर आठवड्याला तारेखालचं गवत काढा, मशीन बंद करून.
- वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागायच्या आधी तार मशीनपासून सोडवा.
- काटेरी तारेत झटका कधीच सोडू नका, अंग अडकलं तर सुटत नाही.
- महावितरणच्या लाइनखाली कुंपण समांतर नेऊ नका.
- रस्त्याच्या बाजूला पिवळी पाटी लावा. वाचता न येणाऱ्या पोरांसाठी विजेचं चित्र काढा.

तुमच्याकडचं कुंपण असं विचित्र वागत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. पण नुसतं "चालत नाही" म्हणू नका हं! मशीन एकटं किती, तार जोडून किती, सकाळी किती, दुपारी किती, हे चार आकडे सांगा. निम्म्या लोकांना ते चार आकडे लिहितानाच उत्तर सापडेल, आणि उरलेल्यांचं आपण पुढच्या भागात मिळून शोधू. तोवर काळजी घ्या, आणि अंधार पडायच्या आत कुत्र्याला हाक मारा.